कीबोर्ड जोडला की टॅब्लेटचा लॅपटॉप होतो का?

(गोवंडीतल्या एका अभ्यासिकेत बारावी झालेली मुलंमुली आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेलं हे बोलणं. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप देत आहोत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं गाळली आहेत. शेवटी प्रश्नोत्तरं आहेत.)

मागे आवाज पोचतोय ना? पंखा चालू राहू द्या, रेकॉर्डिंगमध्ये थोडी घरघर आली तरी आपले श्रोते समजून घेतात.

बारावीचा निकाल लागला की मला एकच प्रश्न दहा प्रकारे विचारला जातो. "सर, लॅपटॉप घेऊ की टॅब्लेट?" मग लगेच पुढचं वाक्य येतं, "टॅब्लेटला कीबोर्ड लावला की लॅपटॉपच होतो ना?" दुकानदार होच म्हणतो. जाहिरातही होच म्हणते. यूट्यूबवरचे परीक्षक म्हणतात, "तुमच्या वापरावर अवलंबून आहे." हे उत्तर बरोबर आहे, पण त्याचा उपयोग शून्य. कॉलेजच सुरू झालेलं नाही, तर आपला वापर काय असणार हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कुठून कळणार?

प्रश्न छोटा वाटतो, पण आपल्याकडे तो छोटा नाही. ज्या घरात तीन यंत्रं आहेत तिथे चौथं चुकलं तर ते कपाटात जातं. इथे बसलेल्या बहुतेक घरांत एकच यंत्र येणार आहे. तेही हप्त्यावर, आणि निदान चार वर्षं चालवायचं म्हणून. शिवाय धाकट्या भावंडाचा त्यावर डोळा असणार. ते चुकीचं निघालं तर दुसरं घ्यायला पैसे नसतात. मग मुलगी प्रोजेक्टच्या आदल्या रात्री तासाचे पैसे मोजत सायबर कॅफेत बसते. म्हणून आज थोडं सविस्तर बोलू.

हायब्रिड म्हणजे नेमकं काय

आधी नावाचा घोळ मिटवू. हायब्रिड, टू-इन-वन, डिटॅचेबल अशी नावं तुम्ही ऐकता. यात दोन जाती आहेत. एक, ज्याचा पडदा पूर्ण मागे वळतो पण कीबोर्ड निघत नाही. तो सरळ लॅपटॉपच आहे, त्यावर चर्चा करायचं कारण नाही. दुसरी जात, ज्यात सगळं यंत्र पडद्याच्या मागे असतं आणि कीबोर्ड चुंबकाने चिकटतो किंवा ब्लूटूथने जोडला जातो. आजचा प्रश्न या दुसऱ्या जातीबद्दल आहे.

"लॅपटॉपची जागा घेणारा टॅब्लेट" हे वाक्य गाजलं ते मे २०१४ मध्ये. मायक्रोसॉफ्टने सरफेस प्रो ३ आणला तेव्हा त्यांचा दावाच तो होता. १२ इंची पडदा, वजन ८०० ग्रॅम, मागे स्टँड. मजा अशी की ज्या कीबोर्डमुळे तो लॅपटॉप होणार, तो कीबोर्ड वेगळा विकत घ्यायचा होता. ॲपलने २०१५ मध्ये आयपॅड प्रो आणला. त्यात कीबोर्ड होता, पेन होतं, पण माउस किंवा ट्रॅकपॅड नीट चालायला मार्च २०२० उजाडलं. खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करून एकावर एक ठेवण्याची सोय साध्या आयपॅडपर्यंत २०२५ मध्ये आली. सॅमसंगचं डेक्स २०१७ मध्ये फोनवर सुरू झालं आणि पुढच्या वर्षी टॅब्लेटवर आलं.

हे का सांगतोय? कारण दहा वर्षांपूर्वीची तक्रार, की टॅब्लेट हळू आहे, त्यावर दोन कामं एकदम होत नाहीत, ती आता चांगल्या टॅब्लेटबाबत फारशी खरी राहिलेली नाही. चिपचा वेग हा मुद्दा जवळजवळ संपलाय. म्हणून जो कुणी तुम्हाला फक्त प्रोसेसर आणि रॅमचे आकडे सांगून पटवतोय, तो जुन्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

मग खरा प्रश्न कोणता

माझ्या मते प्रश्न असा विचारा: मी या यंत्रावर केलेलं काम शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आहे?

यंत्र आपण निवडतो. पण आपलं काम स्वीकारणारा आपण निवडत नाही. कॉलेजचे सर, परीक्षा मंडळ, अकाउंटचं ऑफिस, छापखाना, सरकारी खातं, यांची पद्धत आधीच ठरलेली असते. ते म्हणतात, फाइल अशीच हवी, याच सॉफ्टवेअरमधून हवी. तुमचं यंत्र कितीही देखणं असलं तरी त्या दारातून आत गेलं पाहिजे. टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेतो की नाही, हे त्या दाराच्या मापावर ठरतं.

उदाहरण घेऊ. आपल्याकडची किती मुलं बी.कॉम.बरोबर टॅलीचा कोर्स करतात? हात वर करा. हां, बघा, अर्धी खोली. टॅली हे विंडोजवर बसवायचं सॉफ्टवेअर आहे. आयपॅडवर किंवा अँड्रॉइड टॅब्लेटवर ते बसत नाही. एक्सेल बसतं, पण त्यात मॅक्रो चालत नाहीत, आणि ऑफिसांमधल्या निम्म्या जुन्या शीट्स मॅक्रोवर उभ्या आहेत. आणखी एक बारीक गोष्ट. मोबाइल आणि टॅब्लेटवरचे वर्ड-एक्सेल हे १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर साध्या संपादनासाठी फुकट आणि त्याहून मोठ्या पडद्यावर वर्गणी, असा मायक्रोसॉफ्टचा नियम आहे. म्हणजे कामासाठी म्हणून मुद्दाम मोठा टॅब्लेट घ्यावा, तर दरवर्षीचा खर्च मागे लागतो. घेण्याआधी हे तपासा.

आयटी, कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्यांनी तर विचारूच नका. अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशिन, डेटाबेस सर्व्हर, हे सगळं प्रॅक्टिकलला लागतं आणि टॅब्लेटवर बसत नाही. सिव्हिल, मेकॅनिकलवाल्यांच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचंही तेच.

"पण सर, विंडोजवाला टॅब्लेट घेतला तर?" बरोबर. सरफेससारख्या विंडोज टॅब्लेटवर हे सगळं बसतं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वस्तातल्या विंडोज टॅब्लेटमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असते, आणि विंडोजच त्यातली बरीचशी जागा खातं. आणि काही नव्या विंडोज टॅब्लेटमध्ये एआरएम जातीची चिप असते. तिच्यावर जुनी सॉफ्टवेअर बहुतेकदा चालून जातात, पण जुन्या प्रिंटरचा, डोंगलचा, डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर त्या चिपसाठी बनवलेला नसेल तर अडतं. उद्या कुणाला ई-सेवा केंद्र टाकायचं असेल तर हे आधी बघा.

आपल्याकडे हा प्रयोग आधी होऊन गेलाय

तुमच्यातल्या काहींच्या दादा-ताईंना महापालिकेच्या शाळेत टॅब मिळाला असेल. २०१५ मध्ये महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले. पाठ्यपुस्तकं आतच भरलेली. हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा. म्हणजे तो टॅब पुस्तकाची जागा घेणार होता, कॉम्प्युटरची नाही. त्यावर वाचायचं होतं, निबंध टाइप करायचा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा, कारण घराघरांत "टॅब म्हणजे अभ्यासाचं यंत्र" हे समीकरण अशा योजनांमधून पक्कं झालं.

त्याआधी 'आकाश' होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत वाजतगाजत आला, जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून. ७ इंची पडदा, २५६ एमबी रॅम, आणि बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. पुढच्या आवृत्तीच्या वेळी काम आपल्या पवईच्या आयआयटीकडे आलं. प्रा. दीपक फाटक त्यात पुढे होते. आकाश २ नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आला.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे. आयआयटी मुंबईतल्या लोकांना मुलांनी त्यावर नुसतं बघावं हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी आकाशवर सी, सी++, पायथन, सायलॅब यांत प्रोग्रॅम लिहिता येतील अशी सोय केली. त्यावर लिनक्सही चालवून दाखवलं. म्हणजे "टॅब्लेटचा कॉम्प्युटर करता येईल का" हा आजचा प्रश्न, इथून दहा-बारा किलोमीटरवर, पाच आकडी किमतीत न शिरता, मनापासून विचारला गेला होता. आणि त्याच आयआयटीतला मुक्त सॉफ्टवेअरचा 'फॉसी' प्रकल्प पुढच्या काळात कशाकडे वळला? कमी किमतीच्या लॅपटॉपकडे.

दुसरीकडे तामिळनाडू सरकारने २०११ सालीच मुलांना फुकट लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. कुठली योजना चांगली, कुठली वाईट, या वादात मी शिरत नाही. पण एक बघा. टॅब्लेट देताना देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचणारं मूल असतं. लॅपटॉप देताना काहीतरी करून पाठवणारं मूल असतं. तुम्ही आता बारावी झालात. तुम्हाला इथून पुढे पाठवायचं आहे.

मराठी टायपिंगची गोष्ट, जी जाहिरातीत नसते

आता एक मुद्दा जो इंग्रजीतल्या कुठल्याच परीक्षणात तुम्हाला सापडणार नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नाही.

तुमच्यातले काही लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी प्रयत्न करणार आहेत. त्याला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं. ही परीक्षा आता कॉम्प्युटरवर होते, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. मराठीसाठी सरकारी कामात जो कीबोर्ड चालतो तो इनस्क्रिप्ट.

इनस्क्रिप्टची रचना आठवा. डाव्या हाताला मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला व्यंजनं. इंग्रजीच्या पी वर 'ज'. त्याच्या शेजारच्या चौकटी कंसावर 'ड', शिफ्ट धरलं की 'ढ'. अर्धविरामाच्या कळीवर 'च' आणि 'छ'. अवतरण चिन्हाच्या कळीवर 'ट' आणि 'ठ'. उलट्या तिरप्या रेघेच्या कळीवर 'ॉ', म्हणजे 'ऑफिस' सोडून 'डॉक्टर', 'कॉलेज', 'हॉल' या सगळ्यांचा तो अर्धचंद्र-काना.

आता दहा इंची टॅब्लेटचा चिकटणारा कीबोर्ड बघा. रुंदी कमी पडते म्हणून बनवणारा कुठे कात्री लावतो? उजव्या टोकाला. कंस, अर्धविराम, अवतरण, तिरपी रेघ, या कळा तो बारीक करतो, एखादी एफएन दाबून मिळेल अशी लपवतो, किंवा दुसऱ्या रांगेत ढकलतो. इंग्रजी टाइप करणाऱ्याला काही वाटत नाही, त्याच्या त्या विरामचिन्हांच्या कळा. मराठी टाइप करणाऱ्याची मात्र बोटं 'च' आणि 'ट' शोधत बसतात. चटणी लिहायची तर दोन अक्षरं दोन बारीक कळांवर!

नेहमीच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. बोटांना सवय लागते ती या अंतराची. तुम्ही छोट्या कीबोर्डवर सहा महिने सराव केलात आणि परीक्षेला पूर्ण मापाच्या कीबोर्डवर बसलात, तर बोटं चुकणार. म्हणून टायपिंगची परीक्षा ज्यांना द्यायची आहे त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे: टॅब्लेटचा कीबोर्ड नको. आणि टॅब्लेट आधीच घरात असेल तर त्याला पूर्ण मापाचा साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजीने जोडा. चुंबकी कव्हरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो आणि हाताला वळण बरोबर लागतं. फक्त सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मिळतो ना, हे आधी बघा.

युनिकोडचं आणखी एक. छापखान्यांत, डीटीपीवाल्यांकडे आजही श्रीलिपी आणि सी-डॅकच्या आयएसएमवर काम होतं. ही पुण्यात तयार झालेली, विंडोजवर वाढलेली सॉफ्टवेअर. पार्टटाइम डीटीपीचं काम मिळवायचं असेल तर तिथे टॅब्लेट दाराबाहेरच थांबतो.

मांडीवर ठेवून बघा

लॅपटॉप या शब्दातच मांडी आहे. दुकानात आपण टॅब्लेट काचेच्या टेबलावर बघतो. घरी टेबल आहे का? आपल्या दहा बाय पंधराच्या खोलीत अभ्यास होतो तो जमिनीवर मांडी घालून, पलंगाच्या कडेला, नाहीतर माळ्यावर पोट टेकून.

लॅपटॉपचं वजन खाली, कीबोर्डखाली असतं. म्हणून तो मांडीवर बसतो. टॅब्लेटचं सगळं वजन पडद्यात. स्टँड मागे पसरतो, कीबोर्ड पुढे पसरतो, म्हणजे उलट लॅपटॉपपेक्षा जास्त लांबीची सपाट जागा लागते. मांडीवर तो मागे कलंडतो, गादीवर स्टँड रुततो. हे तुम्हाला विनोद वाटेल, पण रोज दोन तास टाइप करायचं तर हाच मुद्दा सगळ्यांत आधी खुपतो. दुकानात गेलात की लाजू नका. स्टुलावर बसा, यंत्र मांडीवर घ्या, आणि स्वतःचं नाव-पत्ता मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून बघा. दुकानदार हसला तर हसू दे, हप्ते तुम्ही भरणार आहात.

टॅब्लेट कुठे खरोखर पुढे आहे

आतापर्यंत मी टॅब्लेटच्या विरोधात बोलतोय असं वाटलं असेल. तसं नाही. काही दारं अशी आहेत जिथे लॅपटॉप अडकतो आणि टॅब्लेट सहज आत जातो.

पहिलं, फिरून करायचं काम. आपल्या शेजारी देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. आपला एम-पूर्व विभाग म्हणजे अशा अभ्यासांचा नेहमीचा विषय, कुणी ना कुणी वस्तीत प्रश्नावली घेऊन येतच असतं. अशा पाहण्यांसाठी आता ओडीके, कोबो अशी ॲप अँड्रॉइडवर वापरतात. उभ्या उभ्या माहिती भरता येते, फोटो आणि ठिकाणाची नोंद तिथेच होते, नेट नसलं तरी काम थांबत नाही. दाराशी उभं राहून लॅपटॉप उघडून बघा बरं. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेतही माहिती टॅब्लेटवरच भरली गेली, आणि ते टॅब्लेट भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने बनवले होते. सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या मुलांनी मात्र दुसरी बाजूही ओळखावी. दिवसभर गोळा केलेली माहिती रात्री तपासायची, तक्ते काढायचे, अहवाल लिहायचा, हे एसपीएसएस किंवा एक्सेलवर लॅपटॉपवरच होतं. गोळा करणाऱ्याच्या हातात टॅब्लेट, अहवालावर नाव असणाऱ्यासमोर लॅपटॉप. आपल्याला यातलं कुठलं काम करायचं आहे, हेही मनाशी ठरवा.

दुसरं, वाचन. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांसाठी टॅब्लेट उत्तम. पीडीएफ, जुन्या प्रश्नपत्रिका, लेक्चर, त्यावर पेनाने खुणा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, म्हणजे सराव हाताने लिहिण्याचाच करायचाय. हार्बर लाइनला उभ्याने जाताना लॅपटॉप उघडत नाही, टॅब्लेट एका हातात धरता येतो.

तिसरं, चित्र. ज्यांना उपयोजित कला, ॲनिमेशन यात जायचंय, त्यांच्यासाठी पडद्यावर थेट पेनाने काढणं ही वेगळीच गोष्ट आहे. प्रोक्रिएटसारखं सॉफ्टवेअर तर फक्त आयपॅड-आयफोनवर आहे. इथे लॅपटॉपलाच टॅब्लेटची जागा घेता येत नाही.

चौथं, वीज. टॅब्लेट फोनच्या चार्जरवर, साध्या पॉवर बँकेवर चालतो. ज्या घरात एकच प्लग आणि त्यावर मिक्सर, इस्त्री, फोन सगळे रांगेत, तिथे हा मुद्दा लहान नाही.

पैशाचा हिशेब

किमती दर आठवड्याला बदलतात, म्हणून मी आकडे सांगत नाही, पद्धत सांगतो. कागदावर टॅब्लेटची किंमत लिहा. खाली कीबोर्ड. खाली पेन, लागणार असेल तर. खाली कव्हर. साठवण कमी असेल तर मेमरी कार्ड. सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी गुणिले चार. आता बेरीज करा. आयपॅड प्रोचा ॲपलचा स्वतःचा कीबोर्ड एका साध्या अँड्रॉइड टॅब्लेटपेक्षा महाग आहे, हे यावेळी लक्षात येतं. जाहिरातीतल्या फोटोत सगळं एकत्र असतं, बिलात वेगवेगळं.

दुसऱ्या कागदावर वापरलेल्या लॅपटॉपची किंमत लिहा. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी त्यांचे लॅपटॉप बदलतात आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. त्यांचा कीबोर्ड चांगला असतो, रॅम बऱ्याचदा वाढवता येते, बॅटरी बदलता येते, एसएसडी बदलता येते. टॅब्लेट बहुतेक डिंकाने चिकटवलेले, पडदा फुटला की दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवाच घेतो.

पण जुना घेताना एक तारीख ध्यानात ठेवा: १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणून विक्रेता "आय-फाइव्ह आहे, आय-सेव्हन आहे" म्हणाला की विचारा, "कितव्या पिढीचा?" सहाव्या-सातव्या पिढीचा आय-सेव्हन दिसायला भारी, पण तिथे अडतो. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.

घेण्याआधी एक काम

दुकानात जायच्या आधी ज्या कोर्सला प्रवेश घेताय, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणालातरी गाठा. त्याला "काय घेऊ" विचारू नका, तो स्वतःकडे आहे तेच सांगेल. त्याला विचारा, "गेल्या सहा महिन्यांत तू कोणत्या पाच गोष्टी जमा केल्यास? कशात केल्यास? कोणत्या स्वरूपात दिल्यास?" त्या पाच गोष्टी वहीत लिहा. पाचही टॅब्लेटवर होत असतील तर खुशाल टॅब्लेट घ्या. एकही अडत असेल तर ती किती वेळा लागते ते विचारा. वर्षातून एकदाच असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये होईल. दर आठवड्याला असेल तर लॅपटॉप.

माझं उत्तर सरळ विचाराल तर: घरात एकच यंत्र येणार असेल आणि कोर्स कॉमर्स, आयटी, इंजिनिअरिंग किंवा ऑफिसच्या नोकरीकडे नेणारा असेल, तर आज तरी टॅब्लेट लॅपटॉपची जागा घेत नाही. चांगला वापरलेला लॅपटॉप घ्या, वाचायला फोन आहेच. घरात आधीच कुठला तरी कॉम्प्युटर असेल, किंवा काम वाचनाचं, चित्राचं, फिरण्याचं असेल, तर टॅब्लेट आणि कीबोर्ड ही जोडी मजेत पुरते.

प्रश्नोत्तरं

*एक मावशी:* माझी मुलगी नर्सिंगला जातेय. तिचे मामा टॅब्लेट देणार म्हणतायत. नको म्हणू का?

नको कशाला म्हणता मावशी? जाड पुस्तकं, आकृत्या, व्हिडिओ, वॉर्डमधून येता-जाता वाचणं, यासाठी टॅब्लेट छान आहे. प्रोजेक्ट टाइप करायला साधा कीबोर्ड नंतर जोडता येईल. फक्त मामांना सांगा, साठवण जास्त असलेला घ्या आणि कंपनी किती वर्षं अपडेट देणार ते विचारा.

*एक विद्यार्थी:* सर, माझ्या भावाकडे सॅमसंगचा भारीतला फोन आहे. तो टीव्हीला लावून कॉम्प्युटरसारखा वापरता येतो म्हणतात. मग काहीच घ्यायला नको ना?

डेक्स म्हणतात त्याला. वरच्या मॉडेलमध्ये असतं. टीव्हीला जोड, कीबोर्ड-माउस जोड, लिहिण्या-वाचण्याचं बरंच काम होईल. पण आत अँड्रॉइडच, म्हणजे टॅली वगैरे नाहीच. आणि दुसरं सांगू? रात्री आठ वाजता घरात टीव्ही तुला कोण देणार आहे? (हशा) आणि भावाला फोन आला तर तुझा कॉम्प्युटर उठून बाहेर जाईल. तात्पुरता उपाय म्हणून चांगला, चार वर्षांसाठी नाही.

*एक पालक:* मुलगा म्हणतो टॅब्लेट घेऊ, जड सॉफ्टवेअर इंटरनेटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवू. असं होतं का?

होतं, दादा. प्रोग्रॅमिंगसाठी गूगल कोलॅबसारख्या जागा ब्राउझरमध्ये चालतात, पायथन शिकायला पुरतात. दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या टॅब्लेटवर आणता येतो. पण त्यासाठी तो दूरचा कॉम्प्युटर कुणाचा तरी असायला लागतो, आणि नेट सतत लागतं. मुलाला सांगा, एक आठवडा मित्राच्या टॅब्लेटवर घरच्या नेटवर हे करून दाखव. दाखवलं तर त्याचं म्हणणं ऐका. तो खरंच शिकलेला असेल.

*एक विद्यार्थिनी:* मला टायपिंगची परीक्षाही द्यायचीय आणि एमपीएससीपण करायचीय. मग?

तुझं दार टायपिंगचं आहे, ते आधी बघ. लॅपटॉप घे. वाचन लॅपटॉपवर थोडं गैरसोयीचं होईल, पण होईल. टॅब्लेटच्या छोट्या कीबोर्डवर तीसचा वेग गाठणं मात्र अवघड आहे.

वेळ झाली, अभ्यासिकेच्या मुलांना खुर्च्या परत हव्यात. पुढच्या भागात एक वापरलेला लॅपटॉप समोर उघडून बघणार आहोत: बॅटरी किती उरली ते कसं ओळखायचं, पिढी कुठे लिहिलेली असते, बिजागरी कशी तपासायची. तुमच्याकडे जुना, बंद पडलेला असेल तर घेऊन या, त्याच्यावरच शिकू. आणि तोवर ज्यांनी प्रवेश घेतलाय त्यांनी ती पाच गोष्टींची यादी करून आणा. यादी बघूनच बोलू.